संकरित मोटारगाडी

अंतर्ज्वलन एंजिन आणि विद्युत् चलित्र (विजेवर चालणारी मोटर) या दोन भिन्न शक्तिसाधनांच्या साहाय्याने चालणाऱ्या मोटारगाडीस संकरित मोटारगाडी म्हणतात. व्यवहारात ती ‘हायब्रिड’ या नावाने ओळखली जाते. एंजिनाला लागणारी ऊर्जा पेट्रोलापासून किंवा डीझेलापासून, तर चलित्राला लागणारी ऊर्जा संचायक विद्युत् घटमालेपासून (बॅटरीपासून) मिळते. नेहमीच्या मोटारगाडीपेक्षा कमी इंधन वापरणे व हवेचे प्रदूषण कमी करणे, हे या रचनेचे प्रमुख उद्देश होत. या गाडीच्या विकासात यांत्रिक शोधांइतकाच वाटा खनिज तेलाच्या किंमती, शासकीय नियम व इंधनखर्च मोजण्याच्या पद्धती यांचा आहे. कारखानदारांमधील स्पर्धा या तीन गोष्टींनी आखलेल्या चौकटीत चालते. जाहीर केलेला इंधनखर्चाचा आकडा रस्त्यावरील प्रत्यक्ष खर्चाशी कितपत जुळतो, यावर त्या स्पर्धेपासून ग्राहकाला व समाजाला होणारा लाभ अवलंबून असतो.

तत्त्व : पेट्रोल एंजिनाची औष्णिक कार्यक्षमता सर्व परिस्थितींत सारखी नसते. योग्य वेगाने व पुरेशा भाराखाली चालत असताना आधुनिक एंजिन इंधनातील ऊर्जेच्या ३५ ते ४० टक्के भागाचे कार्यात रूपांतर करू शकते. परंतु शहरातील संथ व खंडित वाहतुकीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. चौकात गाडी थांबली असता एंजिन चालूच राहिल्यास त्या वेळेपुरती कार्यक्षमता शून्य असते. याशिवाय गतिरोधक (ब्रेक) दाबताच गाडीची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होऊन वाया जाते. १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची मोटारगाडी ताशी ५० किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. ११६ किलोजूल असते. एंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरल्यास एवढी ऊर्जा मिळविण्यासाठी सु. १८ मिलि. पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे शहरात शंभर वेळा थांबणाऱ्या गाडीचे जवळजवळ पावणेदोन लिटर पेट्रोल केवळ पुन्हा वेग घेण्यात खर्च होते.

संकरित गाडीत या तिन्ही प्रकारच्या हानी कमी केल्या जातात. गाडी थांबताच एंजिन आपोआप बंद होते. गाडी मंद वेगाने जात असता ती पूर्णतः किंवा अंशतः चलित्राच्या साहाय्याने चालते व एंजिन शक्यतो त्याच्या अधिक कार्यक्षम अवस्थेतच चालविले जाते. वेग कमी करताना चलित्र जनित्राप्रमाणे कार्य करून गतिज ऊर्जेचा काही भाग विजेच्या रूपाने घटमालेत साठविते. यास पुनर्जनक गतिरोधन म्हणतात. वेग घेताना चलित्राची मदत मिळत असल्याने लहान एंजिनही पुरेसे होते. या गाड्यांत बहुधा ॲटकिन्सन आवर्तनाच्या तत्त्वावर चालणारे एंजिन वापरतात. त्यात आदान झडप उशिरा बंद होत असल्यामुळे वायूंचे प्रसरण संपीडनापेक्षा अधिक होते व इंधनातील ऊर्जेचा अधिक उपयोग होतो. अशा एंजिनाचे कमी वेगातील परिबल कमी असते, पण ती उणीव चलित्र भरून काढते. सतत समान वेगाने जाणाऱ्या महामार्गावरील वाहतुकीत थांबण्याचे व वेग घेण्याचे प्रसंग थोडे असतात. म्हणून तेथे संकरित रचनेचा फायदा शहरातल्यापेक्षा कमी मिळतो.

प्रकार : शक्तिवहनाच्या मांडणीनुसार तीन प्रकार मानतात. एकसरी रचनेत एंजिन केवळ जनित्र फिरविते व चाके सर्वस्वी चलित्राने फिरतात. समांतर रचनेत एंजिन व चलित्र ही दोन्ही चाकांना शक्ती पुरवू शकतात. संयुक्त रचनेत ग्रहीय दंतचक्रमालेच्या साहाय्याने एंजिनाच्या शक्तीची विभागणी होते. तिचा एक भाग यांत्रिक मार्गाने चाकांकडे व दुसरा जनित्राकडे जातो.

चलित्राच्या सामर्थ्यावरूनही भेद करतात. सौम्य संकरित गाडीत चलित्र एंजिनाला केवळ साहाय्य करते, तर पूर्ण संकरित गाडी काही अंतर केवळ विजेवर जाऊ शकते. बाह्य विद्युत् पुरवठ्यावर प्रभारित करता येणाऱ्या गाडीस ‘प्लग-इन’ संकरित गाडी म्हणतात. तिची घटमाला मोठी असते व ती विजेवर बरेच अधिक अंतर जाऊ शकते.

पूर्वेतिहास : दोन शक्तिसाधनांची कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. व्हिएन्ना येथील लोनर कंपनीत काम करीत असताना फेर्डिनांट पोर्श यांनी १९०० च्या सुमारास पेट्रोल एंजिनाने जनित्र फिरवून चाकांतील विद्युत् चलित्रांना वीज पुरविणारी गाडी तयार केली. शिकागो येथील वुड्स कंपनीने १९१७ च्या सुमारास पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी गाडी विक्रीस आणली. तथापि, १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् प्रारंभक कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आल्यावर पेट्रोल एंजिन हाताने फिरवून सुरू करण्याचा त्रास संपला. पेट्रोलही स्वस्त झाले. त्यामुळे जड, गुंतागुंतीच्या व महाग संकरित गाड्या मागे पडल्या.

१९७३ मधील तेलसंकटाने हा प्रश्न पुन्हा पुढे आला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कारखानदाराच्या विकलेल्या मोटारगाड्यांच्या सरासरी इंधनखर्चावर मर्यादा घालण्यात आली. ही सरासरी १९७८ च्या गाड्यांसाठी गॅलनला १८ मैल (लिटरला सु. ७·७ किमी.) व १९८५ साठी २७·५ मैल (लिटरला सु. ११·७ किमी.) ठरविण्यात आली होती. लहान गाड्या बनविण्यात वाकबगार असलेल्या जपानी कारखानदारांना याचा मोठा लाभ झाला. होंडा कंपनीच्या सिव्हिक गाडीने उत्प्रेरकी परिवर्तकाशिवाय १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याची मानके गाठून दाखविली. याच काळात व्हिक्टर वोक या अमेरिकन अभियंत्यांनी ब्यूक कंपनीच्या एका मोठ्या गाडीचे संकरित गाडीत रूपांतर केले व १९७४ मध्ये तिची शासकीय परीक्षणे झाली; परंतु पुढे त्या प्रयोगाला शासकीय पाठबळ मिळाले नाही. १९८० नंतरच्या दशकात तेल स्वस्त होताच कारखानदारांचा व ग्राहकांचाही या विषयातील रस ओसरला.

जपानमधील स्पर्धा : १९९३ मध्ये अमेरिकन शासनाने जनरल मोटर्स, फोर्ड व क्रायस्लर या तीन कंपन्यांसह एक संयुक्त संशोधन कार्यक्रम हाती घेतला. गॅलनला ८० मैल (लिटरला सु. ३४ किमी.) जाणारी कौटुंबिक मोटारगाडी घडविणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. परदेशी कंपन्यांना त्यात स्थान नव्हते. २००० मध्ये तिन्ही कंपन्यांनी डीझेल एंजिन व चलित्र असलेल्या प्रायोगिक गाड्या सादर केल्या, पण त्यांपैकी एकीचेही उत्पादन झाले नाही. पेट्रोल स्वस्त होते व कंपन्यांचा मुख्य नफा ज्या मोठ्या उपयुक्तता वाहनांतून येत असे, त्यांना इंधनखर्चाची मर्यादा सौम्य होती. २००२ मध्ये हा कार्यक्रम गुंडाळण्यात आला.

त्याच १९९३ मध्ये टोयोटा कंपनीने एकविसाव्या शतकासाठी मोटारगाडीचा आराखडा करण्याचे काम सुरू केले. ताकेशी उचियामादा हे त्याचे प्रमुख अभियंता होते. या प्रयत्नांतून निर्माण झालेली प्रियस ही गाडी १० डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये विक्रीस आली. याच सुमारास क्योटो येथे वातावरणबदलविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरलेली होती. १·५ लि. एंजिन, ग्रहीय दंतचक्रमाला व निकेल–धातू हायड्राइड घटमाला असलेल्या या गाडीची किंमत २१·५ लाख येन होती व जपानी परीक्षणानुसार ती लिटरला २८ किमी. जात असे. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली ही पहिली संकरित मोटारगाडी होय.

होंडा कंपनीने निराळा मार्ग स्वीकारला. १९९९ मध्ये आलेल्या तिच्या इनसाइट गाडीत ॲल्युमिनियमाचे हलके कवच, हवेचा विरोध कमी करणारा आकार, तीन सिलिंडरांचे १ लि. एंजिन व एंजिनालगत बसविलेले चपटे साहाय्यक चलित्र अशी साधी समांतर रचना होती. आधुनिक काळात अमेरिकेत विक्रीस आलेली पहिली संकरित गाडी हीच. प्रियस तेथे २००० मध्ये पोहोचली. इनसाइटचा इंधनखर्च प्रियसपेक्षा कमी होता, पण तिच्यात दोघांनाच बसता येत असे. चार-पाच जणांची सोय असलेल्या प्रियसलाच कुटुंबवत्सल ग्राहकांची पसंती मिळाली.

या दोन कंपन्यांमधील चुरस २००९ मध्ये शिगेस पोहोचली. होंडाने फेब्रुवारीत पाच आसनांची नवी इनसाइट १८·९ लाख येन इतक्या कमी किंमतीस आणली आणि एप्रिलमध्ये ती जपानमधील सर्वाधिक खपाची मोटारगाडी ठरली. संकरित गाडीला हा मान प्रथमच मिळाला. लगेच मे महिन्यात टोयोटाने मोठ्या एंजिनाची तिसऱ्या पिढीची प्रियस २०·५ लाख येनांपासून विक्रीस काढली व जुन्या पिढीच्या गाडीची किंमतही १८·९ लाख येनांवर आणली. शासनाने पर्यावरणानुकूल गाड्यांना करसवलती दिल्यामुळे मागणी आणखी वाढली. त्या वर्षी प्रियसच्या सु. २ लाख ९ हजार गाड्या जपानमध्ये खपल्या व ती देशातील सर्वाधिक खपाची गाडी बनली. इनसाइट मात्र मागे पडून २०१४ मध्ये बंद झाली. पुढे होंडानेही साहाय्यक चलित्राची रचना सोडून दोन चलित्रांची पूर्ण संकरित रचना स्वीकारली. निस्सान कंपनीने २०१६ मध्ये नोट या गाडीत एकसरी रचना वापरून तिसरा पर्याय पुढे ठेवला.

एकस्वे आणि सहकार्य : या स्पर्धेत एकस्वांना (पेटंटांना) विशेष महत्त्व आले. टोयोटाच्या रचनेशी साम्य असलेली प्रणाली विकसित करणाऱ्या फोर्ड कंपनीने २००४ मध्ये तिच्याशी परस्पर परवान्याचा करार केला व त्याच वर्षी एस्केप हे आपले संकरित उपयुक्तता वाहन बाजारात आणले. निस्साननेही काही काळ टोयोटाचे तंत्र परवान्याने वापरले. उलट पेस या लहान अमेरिकन कंपनीने टोयोटाविरुद्ध आपल्या एकस्वाच्या भंगाबद्दल २००४ मध्ये दावा दाखल केला. त्यात २०१० मध्ये तडजोड झाली. टोयोटाच्या संकरित गाड्यांची एकूण विक्री २००७ मध्ये दहा लाखांवर व २०१७ च्या प्रारंभी एक कोटीवर गेली. २०१९ मध्ये त्या कंपनीने विद्युतीकरणासंबंधीची सु. २४ हजार एकस्वे २०३० पर्यंत विनामूल्य वापरण्यास खुली केली. आपले तंत्र इतरांनीही स्वीकारल्यास सुट्या भागांचे उत्पादन वाढून ते स्वस्त होतील व पूर्णतः विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या युगातही संकरित रचना टिकून राहील, असा लाभ यात होता.

यूरोपमधील मार्ग : यूरोपीय कारखानदारांनी इंधनबचतीसाठी प्रामुख्याने डीझेल एंजिनावर भिस्त ठेवली. पेट्रोल एंजिनापेक्षा त्याची कार्यक्षमता अधिक असते; परंतु निष्कास वायूंतील नायट्रोजन ऑक्साइडे व काजळी काढून टाकणे कठीण व खर्चाचे असते. यूरोपीय संघाने २००९ मध्ये नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनावर २०१५ साठी दर किलोमीटरला १३० ग्रॅमची सक्तीची मर्यादा घातली व पुढील टप्प्यासाठी ती ९५ ग्रॅमपर्यंत खाली आणली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डीझेल गाड्यांतील गैरप्रकार अमेरिकन शासनाने उघडकीस आणला. परीक्षण चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतेच उत्सर्जन कमी करणारी संगणकीय आज्ञावली त्या गाड्यांत बसविलेली होती. जगभरातील सु. १ कोटी १० लाख गाड्यांचा त्यात समावेश होता. यानंतर यूरोपात डीझेल मोटारगाड्यांचा वाटा घटत गेला आणि तेथील कंपन्या संकरित व विद्युत् गाड्यांकडे वळल्या.

इंधनखर्चाचे मापन : मोटारगाडीचा अधिकृत इंधनखर्च प्रयोगशाळेत मोजतात. गाडीची चाके रुळांवर फिरवून ठराविक वेळापत्रकानुसार तिचा वेग कमीजास्त केला जातो. या वेळापत्रकास चालन आवर्तन म्हणतात. त्यामुळे निरनिराळ्या गाड्यांची तुलना समान परिस्थितीत करता येते. पण वातानुकूलनाचा वापर, चढउतार, तापमान, गर्दी व चालकाची सवय यांचे पूर्ण प्रतिबिंब त्यात पडत नाही. अमेरिकन शासनाने २००८ च्या गाड्यांपासून परीक्षणात अधिक वेग, थंड हवामान व वातानुकूलन यांचा विचार सुरू केला, तेव्हा दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा एकत्रित आकडा गॅलनला ५५ मैलांवरून ४६ मैलांवर आला. गाडी तीच होती, केवळ मोजपट्टी बदलली होती. यूरोपातही २०१७ पासून जुन्या आवर्तनाऐवजी अधिक वास्तव आवर्तन लागू करण्यात आले.

आकड्यांवर विक्री अवलंबून असल्याने ते फुगविण्याचा मोहही होतो. ह्युंदाई व किया या कंपन्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील सु. ९ लाख गाड्यांचे आकडे खाली आणले व त्याबद्दल २०१४ मध्ये त्यांना दंड भरावा लागला. मित्सुबिशी कंपनीने २०१६ मध्ये लहान गाड्यांच्या इंधनखर्चाच्या परीक्षणांत फेरफार केल्याचे मान्य केले. प्लग-इन संकरित गाड्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मालक गाडी नियमितपणे प्रभारित करील, असे गृहीत धरून तिचे परीक्षण होते. यूरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतील मापकांच्या नोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांनुसार अशा गाड्यांचे रस्त्यावरील कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जन अधिकृत आकड्यांच्या सरासरी साडेतीनपट होते. साध्या पेट्रोल व डीझेल गाड्यांत ही तफावत सु. २० टक्के आढळली.

आकडा कसा मांडला जातो, यालाही महत्त्व आहे. लिटरला १० किमी. जाणारी गाडी सुधारून १२ किमी. जाऊ लागल्यास १०० किमी. प्रवासात सु. १·७ लि. इंधन वाचते. लिटरला २० किमी. जाणारी गाडी २५ किमी. जाऊ लागल्यास मात्र १ लिटरच वाचते. म्हणून आधीच काटकसरी असलेल्या लहान गाडीतील मोठ्या वाटणाऱ्या सुधारणेपेक्षा जड वाहनातील अल्प सुधारणेने कधीकधी अधिक इंधन वाचते. यूरोपात १०० किमी. ला लागणारे लिटर सांगण्याची प्रथा असल्यामुळे ही गोष्ट तेथे चटकन लक्षात येते.

विद्युत् गाड्या व चीन : २०१० नंतर पूर्णतः विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे उत्पादन वाढल्याने संकरित गाडीला नवा प्रतिस्पर्धी मिळाला. चीनमधील बीवायडी कंपनीने २००८ च्या अखेरीस मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची पहिली प्लग-इन संकरित मोटारगाडी विक्रीस आणली. चिनी शासनाने २०१८ पासून इंधनखर्च व नवीन ऊर्जेवरील वाहने यांसाठी गुणपद्धती लागू केली. तीनुसार ज्यांचे गुण कमी पडतील, त्यांना ते इतरांकडून विकत घ्यावे लागतात. या धोरणामुळे व घटमालांच्या उतरत्या किंमतींमुळे तेथे प्लग-इन गाड्यांचा खप झपाट्याने वाढला. अमेरिकेत याउलट, जुलै २०२५ मधील एका कायद्याने सरासरी इंधनखर्चाच्या मर्यादेचा भंग केल्याबद्दलचा दंड शून्यावर आणण्यात आला. १९७५ च्या कायद्यातील मर्यादा कायम राहिली, पण तिच्यामागील आर्थिक सक्ती नाहीशी झाली.

भारत : भारतातील ग्राहक गाडी घेताना तिच्या ‘ॲव्हरेज’ची, म्हणजे लिटरला किती किमी. जाते याची, प्रथम चौकशी करतो. असे असूनही संकरित गाड्यांचा प्रसार येथे मंद गतीने झाला. होंडाची संकरित सिव्हिक २००८ मध्ये व प्रियस २०१० मध्ये येथे आली. परंतु पूर्ण बांधलेल्या स्थितीत आयात झाल्यामुळे त्यांच्या किंमती फार होत्या. २०१३ पासून टोयोटाने कर्नाटकातील बिडदी येथे संकरित कॅमरी गाडीची जुळणी सुरू केली. विद्युत् व संकरित वाहनांना उत्तेजन देण्यासाठी केंद्र शासनाने एप्रिल २०१५ मध्ये अनुदान योजना सुरू केली. तिचा लाभ सौम्य संकरित डीझेल गाड्यांनाही मिळत असे. एप्रिल २०१७ पासून त्यांना वगळण्यात आले. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मोठ्या संकरित गाड्यांवरील कर उपकरासह ४३ टक्के झाला, तर विद्युत् गाड्यांवरील कर पुढे ५ टक्क्यांपर्यंत खाली आला. सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेत उपकर रद्द होऊन लहान संकरित गाड्यांवर १८ टक्के व इतरांवर ४० टक्के कर ठेवण्यात आला.

प्रवासी मोटारगाड्यांच्या सरासरी इंधनखर्चाची मानके भारतात २०१७-१८ पासून लागू झाली व २०२२-२३ पासून ती अधिक कडक करण्यात आली. ही मानके गाठण्याचा एक मार्ग म्हणून संकरित गाड्यांना पुन्हा महत्त्व आले. टोयोटा व सुझुकी या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी परस्पर सहकार्याने २०२२ मध्ये अर्बन क्रूझर हायरायडर व ग्रँड व्हिटारा ही जुळी वाहने आणली. दोन्ही बिडदी येथेच तयार होतात व त्यांच्या पूर्ण संकरित प्रकारांचा जाहीर आकडा लिटरला २७·९७ किमी. आहे.

भारतातील जाहिरातींत दिसणारे असे अनेक आकडे पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेच्या परीक्षणांतून येतात. तेथे वापरल्या जाणाऱ्या भारतीय चालन आवर्तनात कमाल वेग ताशी ९० किमी. असतो. घाटरस्ते, उन्हाळ्यातील वातानुकूलन व द्रुतगती मार्गावरील वेग यांमुळे प्रत्यक्षातील इंधनखर्च या आकड्याहून अधिक येतो. म्हणून हा आकडा गाड्यांची आपसांत तुलना करण्यासाठी उपयुक्त असला, तरी घरखर्चाचा अंदाज बांधण्यासाठी पुरेसा नाही. संकरित गाडीच्या अधिक किंमतीची भरपाई किती वर्षांत होईल, हे मुख्यतः वार्षिक प्रवासाचे अंतर, त्यातील शहरी प्रवासाचे प्रमाण व पेट्रोलची किंमत यांवर ठरते. शहरात रोज दीर्घ अंतर धावणाऱ्या गाडीत ही भरपाई लवकर होते. क्वचित व मुख्यतः महामार्गावर वापरल्या जाणाऱ्या गाडीत तिला बराच काळ लागतो.